कोकाच्या बदल्यात ॲस्परॅगस: एका जकातमाफीचं प्रकरण

ॲस्परॅगसचा कोंब मातीतून डोकं वर काढतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात फार वेळ नसतो. ऊब चांगली असेल तर तो दिवसभरात वीतभरसुद्धा वाढतो, आणि टोक उलगडलं की भाजी म्हणून त्याला कोणी विचारत नाही. म्हणून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमाच्या खोऱ्यात, एप्रिलपासून जूनपर्यंत मजूर पहाटेपासून कमरेत वाकून, लांब सुरीने एकेक कोंब कापत ओळी पालथ्या घालतात. आज कापलेल्या ओळीत उद्या पुन्हा नवे कोंब. यंत्राने हे काम जमवायचे प्रयत्न बरेच झाले, पण कापायचा कोंब कुठला आणि राखायचा कुठला हे अजून हातालाच नीट कळतं.

आपली शतावरी ही या भाजीची चुलत बहीण. आपण तिचं मूळ औषधाला घेतो, तिकडे कोंब ताटात येतो. एरवी या भाजीवर मराठीत एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण अमेरिकेने कोकेनविरुद्ध एक व्यापारी उपाय काढला आणि त्याची पावती या भाजीच्या नावाने फाटली, म्हणून हे प्रकरण. इथले शेतकरी आणि कारखाने नावाविना ठेवले आहेत; गावं, कायदे आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

1980 च्या दशकात अमेरिकेत कोकेनचा सुळसुळाट झाला. त्याचा कच्चा माल म्हणजे कोकाचं पान. ते मुख्यतः पेरूतल्या वरच्या वायागा खोऱ्यातून आणि बोलिव्हियाच्या चापारे भागातून यायचं. दोन्ही ठिकाणं अँडीज पर्वताच्या पूर्व अंगाला, ॲमेझॉनच्या जंगलाकडे उतरणाऱ्या दमट पट्ट्यात. तिथेच पानांची पेस्ट व्हायची, ती छोट्या विमानांनी कोलंबियात जायची, आणि पुढचं शुद्धीकरण तिकडे. 1992 मध्ये एकट्या पेरूत 1,29,100 हेक्टरवर कोका उभा होता.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या पिकात तक्रारीला जागा नाही. झुडूप एकदा लागलं की वर्षानुवर्षं टिकतं. वर्षाला तीन-चार तोडे मिळतात. पान अंगणात पसरलं की ऊन असेल तर दिवसात वाळतं, पोत्यात भरून पाठीवर नेता येतं, नासत नाही. आणि घेणारा रोख पैसे घेऊन दारात येतो. रस्ता नसलेल्या डोंगरातल्या माणसाला हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

त्याच भागात दुसरं पीक होतं, कॉफी. पण जुलै 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली. कोणत्या देशाने किती कॉफी विकायची हे ठरवून भाव धरून ठेवणारी ती व्यवस्था होती. ती मोडताच भाव काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर आले. करार मोडण्यात अमेरिकेच्या भूमिकेचाही वाटा होता. म्हणजे एकीकडे कोका उपटा म्हणायचं आणि दुसरीकडे त्याच डोंगरातल्या कायदेशीर पिकाचा भाव पडू द्यायचा. कोलंबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष व्हर्जिलिओ बार्को हे उघडपणे बोलून दाखवत होते.

फेब्रुवारी 1990 मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात थोरले जॉर्ज बुश यांची कोलंबिया, पेरू आणि बोलिव्हियाच्या राष्ट्राध्यक्षांशी बैठक झाली. त्याआधीच, सप्टेंबर 1989 मध्ये, अमेरिकेने पाच वर्षांसाठी 2.2 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली होती. तिच्यात लष्करी आणि पोलिसी भाग मोठा होता. अँडीजच्या नेत्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मदत द्याल तेवढी द्या, पण आमचा माल तुमच्या बाजारात येऊ द्या.

अडचण

वॉशिंग्टन डीसीत प्रश्न असा मांडला गेला: कोका पिकवणाऱ्याला कायदेशीर कमाईचा मार्ग कसा द्यायचा? प्रश्न रास्त होता. पण सोडवताना त्याचे दोन भाग गुंतून गेले. अँडीज देशांची एकूण निर्यात वाढवणं हा एक भाग. कोका जिथे पिकतो त्या उतारावरच्या कुटुंबाचं उत्पन्न वाढवणं हा दुसरा. पहिला साधला की दुसरा आपोआप साधेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. कायदा, विरोध, समर्थन, पुढची वीस वर्षं सगळं त्या गृहीतकावर उभं राहिलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मदत आणि जप्ती चालू ठेवायची. यात पैसा अमेरिकेच्या तिजोरीतून दिसतो आणि दरवर्षी संसदेत त्याचा हिशोब द्यावा लागतो.

दुसरा पर्याय कॉफी करार पुन्हा उभा करायचा. डोंगरातल्या शेतकऱ्याला याचा थेट फायदा होता. पण मुक्त बाजाराची भाषा बोलणाऱ्या सरकारला भाव बांधून देणारा करार पुन्हा मांडणं जड होतं, आणि अमेरिकी ग्राहकाची कॉफी महागली असती. हा पर्याय गंभीरपणे पुढे सरकलाच नाही.

तिसरा पर्याय तयार साच्यात मिळाला. 1983 मध्ये कॅरिबियन देशांसाठी अमेरिकेने जकातमाफीचा कायदा केला होता. तोच अँडीजला लावायचा. 4 डिसेंबर 1991 ला बुश यांनी अँडियन व्यापार प्राधान्य कायद्यावर सही केली. कोलंबिया आणि बोलिव्हिया 1992 मध्ये त्यात आले, इक्वेडोर आणि पेरू 1993 मध्ये. मुदत दहा वर्षं.

तिसरा पर्याय सगळ्यांना गोड का वाटला हे समजून घेण्यासारखं आहे. यात कोणाला धनादेश लिहावा लागत नाही. जकातीचं बुडालेलं उत्पन्न सरकारच्या मानाने किरकोळ. खर्च पडतो तो त्याच मालाच्या स्वदेशी उत्पादकावर, आणि तो खर्च कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

मग यादी ठरली, आणि माझ्या मते प्रकरणाची दिशा तिथेच ठरली. कापड आणि कपडे, पादत्राणं, डबाबंद ट्यूना, पेट्रोलियम, साखर, रम हे सगळं यादीबाहेर ठेवलं गेलं. या प्रत्येकामागे संसदेत वजन असलेला कोणीतरी उभा होता. ॲस्परॅगसमागे मूठभर राज्यांतले शेतकरी होते, तेही कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि मिशिगन असे विखुरलेले. ॲस्परॅगस यादीत राहिला.

प्रत्यक्षात काय झालं: पेरूची बाजू

सवलतीची किंमत आधी पाहू. ताज्या ॲस्परॅगसवर अमेरिकेत 21.3 टक्के जकात होती. अपवाद 15 सप्टेंबर ते 15 नोव्हेंबरचा; त्या दोन महिन्यांत विमानाने आलेल्या मालावर फक्त 5 टक्के, कारण तेव्हा अमेरिकेत हे पीक जवळजवळ नसतं. डबाबंद ॲस्परॅगसवर 14.9 टक्के. 1993 पासून पेरूसाठी हे सगळं शून्य झालं.

पेरूत ॲस्परॅगस या कायद्याने जन्माला आला असं मात्र नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यावरच इका भागातल्या शेतकऱ्यांनी अमेरिकी मदतसंस्थेच्या साहाय्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाचं यूसी 157 हे वाण लावून पाहिलं होतं. जकातमाफीने त्या लागवडीला पंख दिले.

इका म्हणजे पॅसिफिकच्या कडेचं वाळवंट. पाऊस नावालाच. पण थंडी पडत नाही, आणि पाणी असेल तर हवं तेव्हा पीक घेता येतं. ॲस्परॅगसला दरवर्षी विश्रांती लागते. थंड देशात ती हिवाळा देतो. इकात ती माणूस देतो: ठिबक बंद करायचं, झाड वाळू द्यायचं, मग पुन्हा पाणी सोडायचं की कोंब फुटतात. अशी वर्षातून दोन पिकं निघतात आणि बाजार रिकामा असेल तेव्हा माल तयार ठेवता येतो. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेला पाणी तोडून ताण देतात आणि बहार धरतात, त्यातलंच हे गणित. हिरवा कोंब पॅकहाउसमध्ये गार करून लिमाहून विमानाने मायामीला जायचा, तिथे किडीसाठी मिथाइल ब्रोमाइडची धुरी घेऊन दुकानात. उत्तरेकडे ला लिबेर्ताद भागात, सांता नदीचं पाणी वळवणाऱ्या चाविमोचिक प्रकल्पावर, मुख्यतः पांढरा ॲस्परॅगस होता. कोंबावर मातीची भर देऊन ऊन लागू दिलं नाही की तो पांढरा राहतो. त्यातला बराचसा डब्यांत भरून युरोपला जायचा.

2000 च्या दशकात पेरू जगातला सगळ्यात मोठा ॲस्परॅगस निर्यातदार झाला. धोरणाचं यश म्हणून भाषणांत हे उदाहरण वारंवार यायचं.

आता नकाशा पाहा. इका आणि ला लिबेर्तादचे हे मळे समुद्रकिनाऱ्यावर. कोका अँडीजच्या पलीकडे, पूर्व उतारावर. मध्ये संपूर्ण पर्वतरांग. कोकाच्या जमिनीत ॲस्परॅगस लावला गेला असं कुठे घडलं नाही, घडण्यासारखंही नव्हतं. दमट, रस्ता नसलेल्या जंगलातून रोजचा कोंब काही तासांत गार करून विमानतळावर पोचवणार कसा? कोलंबियातही हेच. जकातमाफीचा मोठा लाभ फुलांना झाला, आणि फुलांची हरितगृहं बोगोटाच्या पठारावर, विमानतळाच्या हाकेच्या अंतरावर. कोका होता गुआव्हियारे, काकेता आणि पुतुमायोत.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. इकाच्या मळ्यांवर मजूर येतात ते मोठ्या प्रमाणात आयाकुचो आणि वांकावेलिका या डोंगराळ, गरीब भागांतून. काम नसतं तर यातले काही पूर्वेकडे आपुरिमाक खोऱ्यात कोका तोडायला उतरले असते. किती उतरले असते हे मोजता येत नाही, पण ही वाट खरी होती. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगावर या कायद्याच्या परिणामांचा अहवाल नियमित द्यायची जबाबदारी होती. आयोगाचा निष्कर्ष वर्षानुवर्षं साधारण एकाच शब्दांत येत राहिला: कोका घटण्यावर या सवलतीचा परिणाम लहान आणि अप्रत्यक्ष. मजुरांची ही वाट त्या ‘अप्रत्यक्ष’मध्ये येते.

प्रत्यक्षात काय झालं: वॉशिंग्टनची बाजू

1990 च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात सुमारे 30,000 एकरांवर ॲस्परॅगस होता, आणि त्याचा मोठा हिस्सा कारखान्यात जाऊन डब्यात भरला जायचा. शेतकऱ्याचा कारखान्याशी करार असे, भाव हंगामाआधी ठरे, मजुरी त्या भावात बसवायची.

या पिकात माघार घेणं सोपं नाही. गड्डे लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं जवळपास काहीच काढायचं नसतं, मुळं जोमदार होऊ द्यायची असतात. मग दहा-बारा वर्षं पीक येतं. म्हणजे 1988 मध्ये लावलेल्या शेताचा पैसा 1990 च्या दशकभर यायचा. मध्येच कायदा बदलला तर शेतकऱ्यासमोर दोनच रस्ते: तोट्यात कापत राहायचं, किंवा नांगर घालून आधीची गुंतवणूक मातीत मिळवायची. म्हणूनच सुरुवातीची काही वर्षं नुकसान आकड्यांत फारसं दिसलं नाही. जुनी शेतं चालू होती. थांबली ती नवी लागवड. पुनर्लागवडीची वेळ आली की शेतकरी सफरचंद, हॉप्स, वाइनची द्राक्षं अशा दुसऱ्या पिकांचा हिशोब मांडू लागले.

ताज्या भाजीत टक्कर मर्यादित होती. पेरूचा ताजा माल बराचसा जुलैनंतर येतो, जेव्हा वॉशिंग्टनचा हंगाम संपलेला असतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च 2001 मध्ये ॲस्परॅगसवर स्वतंत्र अहवाल दिला. त्यातही हाच सूर होता: वर्षभर मिळू लागल्याने ग्राहकाचा फायदा, आणि लोकांना वर्षभर ही भाजी खायची सवय लागते.

घाव बसला तो डब्याच्या बाजूने. डबा हंगाम पाहत नाही. पेरूत नोव्हेंबरात भरलेला डबा मे महिन्यात वॉशिंग्टनच्या डब्याशेजारी त्याच फळीवर बसतो, आणि त्याच्यामागे पेरूची मजुरी असते. हाताने कापायच्या आणि निवडायच्या पिकात मजुरी हाच मुख्य खर्च. वॉशिंग्टनने 1998 मध्ये मतदानाने किमान वेतन महागाईशी जोडलं. मजुराच्या बाजूने ते योग्यच, पण कारखान्याच्या हिशोबात दरी रुंदावली. मेक्सिकोचा मालही वाढत होता. सगळा दोष अँडीजच्या कायद्यावर टाकणं म्हणून चुकीचं ठरेल.

कायद्यात बचावाची एक तरतूद होती. नाशवंत मालाची आयात अचानक वाढली तर कृषिमंत्र्यांच्या शिफारशीने तातडीने जकात परत लावता यायची. नाशवंत मालाची व्याख्या अशी: ताज्या भाज्या, ताजी फळं, मशरूम, कापलेली फुलं, रोपं. डबाबंद भाजी नाशवंत नाही, त्यामुळे ती या दारातून आत येऊ शकत नव्हती. तिच्यासाठी सगळ्या मालाला लागू असलेली नेहमीची, लांबलचक चौकशीच उरत होती. म्हणजे छत्री होती, पण पाऊस दुसऱ्या बाजूने आला. तरतूद लिहिणाऱ्यांसमोर 1983 चा कॅरिबियन नमुना होता. याकिमातल्या कारखान्याचा विचार करायला त्यांना कोणी सांगितलं नसावं.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा 1991 ची यादी, ती वर आली.

दुसरी 2001-02 ची. 4 डिसेंबर 2001 ला कायद्याची मुदत संपली आणि आठ महिने सवलत बंद पडली. तोपर्यंत दहा वर्षांचा अनुभव हाताशी होता, लेखापरीक्षणाचा ताजा अहवाल होता, आयोगाचे अहवाल होते. ॲस्परॅगससाठी काही करायचं तर ही वेळ होती: डबाबंद मालाला कोटा लावता आला असता, किंवा एप्रिल ते जून जकात ठेवता आली असती. चर्चा दुसरीकडेच गेली. 6 ऑगस्ट 2002 च्या व्यापार कायद्यात सवलत नव्या नावाने परत आली, मागील तारखेपासून लागू झाली, आणि आता कपडे, पादत्राणं, पेट्रोलियम हेही आत घेतलं गेलं. आधी बाहेर राहिलेल्या बलवान क्षेत्रांचं काय करायचं यात सगळा जोर खर्ची पडला. ॲस्परॅगस जिथे होता तिथेच.

तिसरी जागा सरकारी नव्हती. 2003 मध्ये याकिमा खोऱ्यातल्या टॉपेनिश गावचा ॲस्परॅगस डबाबंद कारखाना बंद झाला आणि ते काम पेरूला गेलं. 2005 मध्ये डेटन गावच्या कारखान्याचंही तेच झालं. डेटनजवळच्या टेकडीच्या उतारावर फरशा मांडून एक महाकाय पुरुष रेखला आहे, डब्यावरच्या ब्रँडचं चित्र. कारखाना गेला, चित्र टेकडीवर राहिलं. कारखाना गेल्यावर करारावर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पर्याय उरत नाही. शेताचा आकार, वाण, मजुरांची टोळी सगळं कारखान्याच्या मापाने बेतलेलं असतं, आणि ताज्या बाजाराला लागणारं पॅकिंग वेगळं. काहींनी ते उभं केलं आणि टिकले. बाकीच्यांनी नांगर घातला. दशकाच्या शेवटी राज्यातलं क्षेत्र 10,000 एकरांच्या खाली आलेलं होतं.

चौथी जागा म्हणजे पेरूशी झालेला मुक्त व्यापार करार. तात्पुरती सवलत कायमची होणार होती. जकात हळूहळू, वर्षांच्या टप्प्यांत उतरवा, ही उत्पादकांची मागणी. पण वाटाघाटीत पेरूच्या हातात आधीच शून्य होतं. शून्यावरून वर जायला कोण तयार होईल? सवलत म्हणून दिलेली गोष्ट दहा-बारा वर्षांत हक्क होऊन बसते, आणि वाटाघाटी तिथूनच सुरू होतात. त्यात वॉशिंग्टन हे राज्य विमानं आणि सफरचंद निर्यात करून जगणारं. त्याच्या प्रतिनिधींना करार मोडीत काढणं परवडणारं नव्हतं. करार 1 फेब्रुवारी 2009 पासून लागू झाला, ॲस्परॅगसवर पहिल्या दिवसापासून शून्य जकात.

पाचवी जागा 2008 चा शेती कायदा. त्यात ॲस्परॅगस उत्पादकांसाठी 1.5 कोटी डॉलर मंजूर झाले, 2004 ते 2007 या हंगामांत आयातीमुळे झालेल्या नुकसानीपोटी. निम्मे ताज्या मालासाठी, निम्मे प्रक्रियेच्या मालासाठी. जकातमाफीचा कायदा झाल्यावर सतरा वर्षांनी नुकसान कबूल केलं गेलं. तोवर भरपाई घ्यायला पीक सोडलेलेच जास्त होते.

कोकाचं काय झालं

पेरूत 1995 मध्ये कोका 1,15,300 हेक्टरवर होता. 1999 मध्ये 38,700. सवलतीच्या बाजूने बोलणारे या आकड्यांवर बोट ठेवत आणि शेजारी ॲस्परॅगसचा चढता आलेख ठेवत. दोन्ही आलेख खरे, त्यांना जोडणारी दोरी मात्र कच्ची. 1995 पासून पेरूचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारने अमेरिकेच्या मदतीने कोलंबियाकडे पेस्ट नेणारी विमानं पाडायला सुरुवात केली. घेणारा दारात येईना. पानाचा भाव कोसळला. त्यात वायागा खोऱ्यात फ्युझारियम बुरशीने झुडपं मरत होती. शेतकऱ्यांनी शेतं सोडली.

आणि कोका कुठे गेला? कोलंबियात. तिथलं क्षेत्र 1990 मधल्या 40,100 हेक्टरवरून 2000 मध्ये 1,63,300 वर पोचलं. कोलंबियाही त्याच जकातमाफीचा लाभार्थी होता.

पुढचा तुकडा जास्त बोलका आहे. 1999 ते 2010 ही पेरूच्या ॲस्परॅगसची भरभराटीची वर्षं. याच काळात पेरूतला कोका 38,700 वरून 61,200 हेक्टरवर चढला. बोलिव्हियात उलटं घडलं. अमेरिकेशी बिनसल्यावर 15 डिसेंबर 2008 पासून तिची सवलत काढून घेतली गेली. एल आल्तो शहरातल्या कापड कारखान्यांना फटका बसला. कोका मात्र 2008 मधल्या 30,500 हेक्टरवरून 2014 पर्यंत 20,400 वर उतरला. तिथे प्रत्येक कुटुंबाला एक ‘कातो’, म्हणजे चापारेत 1,600 चौरस मीटर कोका कायदेशीर, आणि त्यापलीकडचा उपटायची जबाबदारी खुद्द कोका उत्पादकांच्या संघटनांवर, अशी व्यवस्था होती. सवलत असताना वाढ आणि नसताना घट, यावरून सवलतीने कोका वाढतो असं कोणी म्हणणार नाही. पण कोकाचं क्षेत्र ठरवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच होत्या, एवढं तरी यातून दिसतं.

इकाचंही सगळं आलबेल नव्हतं. वाळवंटातल्या मळ्यांनी भूजल उपसलं, पाण्याची पातळी खाली गेली, मोठ्या मळ्यांनी खोल विहिरी घेतल्या आणि शेजारच्या छोट्या शेतकऱ्याची विहीर आटली. सांगली-नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मजुरांना कमी लाभ देणारा 2000 सालचा शेतीविषयक कायदा डिसेंबर 2020 मध्ये, इकातल्या रस्ता रोको आंदोलनानंतर, रद्द करावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणाची फाइल पुन्हा पुन्हा चाळताना मला एक गोष्ट खटकत राहते, आणि ती जकातीच्या तक्त्यातच लिहिलेली आहे. कोकाच्या उतारावर काय पिकतं? कॉफी, कोको, केळी. या तिन्हींवर अमेरिकेत जकात आधीपासूनच शून्य होती, कारण अमेरिकेत ती जवळपास पिकत नाहीत आणि कोणाचं संरक्षण करायचं नव्हतं. जकातमाफीला किंमत असते ती जकात असेल तिथेच. आणि जकात असते ती स्वदेशी उत्पादक असतो तिथे. म्हणजे या हत्याराची रचनाच अशी की ते कोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचणार नाही आणि स्वतःच्या शेतकऱ्याला लागल्याशिवाय राहणार नाही. हे 1991 मध्ये कळण्यासारखं होतं. त्यासाठी अभ्यास लागत नव्हता, जकातीचं पुस्तक आणि नकाशा शेजारी ठेवायचा होता.

मग काय? कॉफीचा भाव, उतारावरचे रस्ते, खरेदीची हमी यांवर पैसा. पुढे पेरूच्या सान मार्तीन भागात कोको, कॉफी आणि पाम तेलाच्या आधाराने कोका मागे हटला; त्यामागे मदतीचा पैसा, स्थानिक सहकारी संस्था आणि उपटणी होती, जकातमाफी नव्हे. ज्यांनी जकातमाफीला मत दिलं त्यांना हा रस्ता ठाऊक नव्हता असं नाही. त्यात धनादेश लिहावा लागत होता.

सवलत द्यायचीच होती तर भरपाई कायद्यात पहिल्या दिवशी बसवता आली असती. बारमाही पिकाला दहा वर्षांचं संक्रमण देता आलं असतं, आणि डबाबंद मालाला नाशवंत मालाच्या बरोबरीचं संरक्षण. आयोगाचे अहवाल यायचे, पण ‘परिणाम लहान’ असा निष्कर्ष आला तर पुढे काय करायचं हे कायद्यात कुठेच नव्हतं. मोजमाप होतं, त्याला दात नव्हते.

उलट बाजूही नोंदवतो. इकात हजारो कुटुंबांना, त्यातही बायकांना, रोजगार मिळाला. दहशतवादाने पोळलेल्या देशात ही छोटी गोष्ट नव्हे. निर्यात आणि रोजगार वाढवणं हाच उद्देश सांगितला असता तर निकाल बराच चांगला म्हणावा लागेल. कोकाच्या नावावर तो विकला गेला, ही अडचण.

भारताचा एक धागा

युरोपीय संघानेही अमली पदार्थांशी लढणाऱ्या देशांना अशीच सवलत दिली होती. 1 जानेवारी 2002 पासून तिच्या बारा देशांच्या यादीत पाकिस्तान आला, आणि कापड-कपड्यांत त्याला भारतापुढे आपसूक फायदा मिळाला. भारताने मार्च 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. एप्रिल 2004 मध्ये अपील मंडळाने निकाल दिला: वेगळ्या गरजेच्या देशांना वेगळी सवलत देता येईल, पण यादी बंद ठेवून, निकष न सांगता नाही. अमली पदार्थांची समस्या असलेला तेरावा देश आला तर तो यादीत कसा शिरणार, याचं उत्तर युरोपाकडे नव्हतं. 2005 मध्ये त्यांनी ती पद्धत सोडून निकषांवर आधारलेली नवी योजना आणली. आपल्या निर्यातदारांच्या टेबलावर हे प्रकरण कापडाच्या स्पर्धेचं होतं. कोकेन आणि अफूचा त्यात विषयसुद्धा निघत नसे.

आजची स्थिती

अमेरिकेची ती जकातमाफी 31 जुलै 2013 ला संपली. तेव्हा तिच्यात एकटा इक्वेडोर उरला होता, आणि त्यानेही महिनाभर आधी, अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या प्रकरणाच्या गरमागरमीत, आम्हाला ती नको म्हणून जाहीर केलं होतं. पेरूच्या किनाऱ्यावर ॲस्परॅगसच्या जागी ब्लूबेरी आणि द्राक्षं आली. अमेरिकेला ॲस्परॅगस आता मुख्यतः मेक्सिको पुरवतो. पेरूत 2022 मध्ये कोकाचं क्षेत्र 95,000 हेक्टर नोंदलं गेलं. याकिमा खोऱ्यात उरलेले शेतकरी ताजा माल विकतात, आणि एप्रिल उजाडला की मजूर पहाटे सुऱ्या घेऊन ओळीत वाकतात.